वळणावरचा खांब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलांना नाही, आणि पोटात काही राहत नाही म्हणून जिची मी जन्मभर टिंगल केली त्या माझ्या धाकट्या बहिणीलाही नाही. तिच्या पोटाला उगाच नावं ठेवली. माझ्या पोटात एक गोष्ट तेरा वर्षं राहिली, आणि तिच्यावर मी रोज दोन वेळा जेवले, दुपारी झोपले, नातवंडांना हसवलं. म्हणजे बघा.

आमच्या घरात मी वात्रट आजी म्हणून प्रसिद्ध आहे. वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही कुरकुरतात, जीभ मात्र अजून चढावर ओढते. नातवंडांना माझ्या तरुणपणच्या फजित्या फार आवडतात. तरुणपण म्हणजे कुठलं? माझं तरुणपण बावन्नाव्या वर्षी सुरू झालं. हसा. मीही त्या बाईला हसते. काळं जाकीट, काळी पँट, हातमोज्यांवरून चढवलेल्या काचेच्या बांगड्या, आणि हेल्मेटवर बरोबर कपाळाच्या जागी चिकटवलेली लाल टिकली. वाऱ्याने ती रोज उडायची आणि ही बाई रोज सकाळी नवी लावायची. कुणासाठी? डोंगरातल्या गायींसाठी. दुसरं कोण बघत होतं!

झालं असं, की माझे धाकटे दीर बापू पंचविशीत इथून गेले ते ऑस्ट्रियात डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात राहिले. मोटारसायकलींच्या गॅरेजात काम करता करता हळूहळू स्वतःच्या आठ गाड्या जमवल्या, आणि एक दिवस त्यांचा फोन आला — "वहिनी, आपला लोकेस्ले आल्प्स दाखाडाना धंदा काढी ऱ्हायनू. तुम्ही या." आपले लोक म्हणजे सुरत, इंदूर, शहादा, दोंडाईचा, खापर — जिथे जिथे बुलेटला टेकून फोटो काढणारे व्यापारी आहेत तिथले. आठ दिवसांची सहल, रोज एक-दोन मोठे घाट, आणि शाकाहारी जेवणाची हमी. ती हमी म्हणजे मी.

पण बापूंना ठाऊक होतं की मी नुसती स्वयंपाकीण नाही. लग्न होऊन तापीकाठच्या आमच्या गावी आले तेव्हा सासऱ्यांच्या राजदूतवर केळीच्या बागेत शिकले. ह्यांची कंबर धरली तशी घरची बुलेट माझ्याकडे आली. प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीवर पूल आहे, त्यावरून मी डोक्यावर पदर घेऊन बुलेट न्यायची, तेव्हा दर्शनाला आलेले लोक देवळाकडे पाठ करून माझ्याकडे बघायचे. हे लिहितानाही मला बरं वाटतं आहे, बघितलंत? हाच माझा रोग. लोकांनी बघितलं पाहिजे.

धंदा कसा चालायचा ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिकडचे उंच घाट वर्षातून चार महिनेच उघडे असतात. बर्फ वितळलं की सुरू, सप्टेंबर सरला की बंद. तेवढ्यात सगळं करायचं. आठ गाड्यांपैकी पाच पाहुण्यांच्या, तीन आमच्या. सकाळी सहाला मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात पोहे नाहीतर उपमा करायचे. हॉटेलची मालकीण हिंगाच्या वासाने सगळ्या खिडक्या उघडायची. सामानाची व्हॅन पुढच्या हॉटेलवर आधी निघायची. पाहुणे खाकऱ्याचे डबे गाडीवरही बांधून घ्यायचे, मग बापू रागवायचे, मग डबे निम्मे व्हायचे. पहिल्या दिवशी प्रत्येक पाहुणा डाव्या बाजूने चालवायचा. तिकडे उजवीकडून चालवतात. "उजवीकडे, शेठ, उजवीकडे!" एवढं ओरडून बापूंचा घसा बसायचा. संध्याकाळी ओले मोजे आणि हातमोजे खोलीतल्या गरम नळ्यांवर वाळत घालायचे, साखळ्यांना तेल द्यायचं, दुसऱ्या दिवशीचा रस्ता कागदावर काढायचा. ऐषआरामाचं काम नव्हतं. पण मला घरापेक्षा तिथे जास्त आवडायचं, हे खरं.

आता रस्त्यातली पद्धत. पाच पाहुणे पाच वेगांनी चालवणार. कुणी वाऱ्यासारखा, कुणी गाय हाकल्यासारखा. सगळे एकमेकांना दिसत राहतील हे घाटात शक्य नाही. म्हणून बापू सर्वांत पुढे. सर्वांत मागे आमचा एक माणूस, त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. आणि जिथे फसवा फाटा असेल तिथे एकाने गाडी लावून उभं राहायचं — तो खांब. पाहुण्यांना दोनच गोष्टी पाठ करायला लावायच्या. खांब दिसला तर वळायचं. खांब नसेल तर सरळ. आणि खांबाला एकच नियम: शेपूट दिसल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पाऊस येवो, गारा येवोत. शेपटाच्या अंगात पिवळं जाकीट असायचं, लांबून दिसावं म्हणून.

खांब मी होते.

आणि शेपूट होता सायसिंग पावरा. सातपुड्यातल्या धडगावचा, पावरा आदिवासी. वय तेव्हा चाळीस, घरी बायको, तीन मुलं. वीस वर्षं शहादा–धडगाव घाटात वडाप जीप चालवलेला माणूस. बापू एकदा गावी आले असताना त्याच्या जीपमधून गेले. धुकं इतकं की बोनेट दिसेना, मागे पायरीवर चार माणसं लटकलेली, आणि हा गप्प, जणू अंगणात गाडी फिरवतो आहे. बापू तिथेच म्हणाले, मला हा पाहिजे. कागदपत्रं करायला वर्ष गेलं. खांबाची पद्धत त्याला समजावून सांगायला लागले तर तो हसला. म्हणाला, आमच्याकडे लग्नाच्या दहा-दहा जीपा डोंगरात निघतात तेव्हा प्रत्येक फाट्यावर एक माणूस उतरवतात, शेवटची जीप त्याला उचलते. यात शिकायचं काय?

आमच्याशी तो अहिराणी बोलायचा. पावरी फक्त फोनवर, बायकोशी. मला काकी म्हणायचा. दुसऱ्याच वर्षी बापूंनी ठरवलं की पुढच्या वर्षीपासून एका वेळी दोन गट न्यायचे, आणि दुसऱ्या गटाची पुढची गाडी सायसिंगची. पुढची गाडी! त्याने ते त्याच दिवशी घरी कळवलं. धडगावच्या जीप स्टँडवर पेढे वाटले गेले म्हणे. हे लक्षात ठेवा. त्याचं काय गेलं ते कळायला हवं म्हणून सांगते.

मी सारखी फाट्याजवळ येते आहे आणि बाजूला होते आहे. तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याच उन्हाळ्यात आलेल्या एका गटात खापरचे एक कापडवाले शेठ होते, मोहनलालशेठ, आणि मागच्या सीटवर त्यांची बायको कंचनभाभी. शेठ सर्वांत हळू. पाहुण्यांमध्ये शेठचे थोरले भाऊही होते, म्हणजे कंचनभाभींचे जेठ. आता त्यांच्या घरात जेठासमोर सुनेने डोकं उघडं ठेवायचं नाही. हेल्मेट आहे ना डोक्यावर? — आहे, पण हेल्मेट म्हणजे काही लाज राखणं नव्हे. म्हणून कंचनभाभी हेल्मेटवरून हिरवी ओढणी घ्यायच्या. बापूंनी पहिल्याच दिवशी हात जोडले: भाभी, चाकात जाईल. तेव्हापासून ती ओढणी त्या हेल्मेटवर घेऊन दोन्ही टोकं जाकिटाच्या कॉलरमध्ये घट्ट खोचायच्या. चहापाण्याला थांबलं की टोकं बाहेर काढून समोर ओढायच्या. आम्ही बायका त्यावर हसायचो, त्याही हसायच्या.

पाचवा दिवस. इटलीच्या हद्दीतला घाट. हलका पाऊस, समोरचं दिसत होतं. त्या फाट्यावर उजवीकडे वळलं की वीसेक वळणं चढून खिंड. सरळ गेलं की दुसरी दरी, आणि तिथे रस्ता खोदून खडी टाकलेली. बापूंनी सकाळी दोनदा बजावलं होतं, आज एकच फाटा आहे पण तोच वाईट आहे. मी फाट्यावर गाडी लावली. बापू वर गेले. चार पाहुणे पाठोपाठ आले, वळले, गेले. शेठ बाकी, सायसिंग बाकी.

मी उभी. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. शेठ होते ते, त्यात नवीन काही नव्हतं.

आणि मग खालून चार गाड्या आल्या. मोठ्या, दणदणीत. थांबल्या. हेल्मेटं निघाली — चारही बायका. माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या, गोऱ्या. जर्मन असाव्यात. त्यांना माझ्या हेल्मेटवरची टिकली दिसली. मग बांगड्या. मग माझी गाडी, मग मी. एकीने हात जोडून नमस्कार केला. एकीने खिंडीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग हाताने 'चल' म्हणाली.

तुम्ही काय केलं असतं? — नको, हे विचारून मला काय करायचं आहे. तुम्ही तिथे नव्हता. मी होते.

त्या बाईच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. चौघींच्या मधोमध आपण खिंडीत पोहोचतो आहोत. वर आपले पाहुणे उभे आहेत. सगळ्यांच्या माना वळल्या आहेत. हे चित्र मी बघितलं आणि किल्ली फिरवली. शेठ, सायसिंग, खडी — डोक्यात काही नव्हतंच असं म्हणता येत नाही. होतं. मी स्वतःला म्हटलं, सायसिंग आहे की मागे. एवढंच म्हटलं आणि गेले.

काय चढली ती बाई! वीस वळणं. पोरीसारखी. वर पोहोचले तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. बापू आले, विचारलं, "वहिनी, शेवटली गाडी उनी का?" मी हेल्मेट काढत म्हटलं, "उनी, उनी. मांगेतून येई ऱ्हायनात."

आली, मागून येताहेत. बघा, किती साधं वाक्य आहे. ते बोलायला मला श्वासही घ्यावा लागला नाही. नंतर आम्ही पाचजणींचा फोटो काढला. मी मध्ये. तो फोटो ह्यांनी मोठा करून दिवाणखान्यात लावला. येणारा-जाणारा कौतुक करतो. माझे सगळे दात दिसतात. त्या वेळी कंचनभाभी खाली खडीत पडलेल्या होत्या.

खाली काय झालं ते नंतर जोडत गेलं. फाट्याच्या अलीकडे एका उघड्या माळावर वारा जोरात होता. कंचनभाभींची ओढणी कॉलरमधून सुटली आणि उडाली. शेठना त्याचा पत्ता नाही. भाभींनी मागे वळून हाताने खूण केली, आणि मागून येणारा सायसिंग थांबला, रस्ता सोडून खालच्या कुरणात उतरला, तारेच्या कुंपणात अडकलेली ओढणी न फाडता सोडवली. त्यात सात-आठ मिनिटं गेली असतील. त्याने काही चूक केली नाही. असं काही होतं म्हणून तर फाट्यावर खांब असतो. शेपूट मागे राहिलं तरी पाहुणा चुकू नये म्हणूनच ना?

शेठ फाट्यावर आले. खांब नव्हता. पाठ केल्याप्रमाणे सरळ गेले.

सायसिंग आला. त्यालाही खांब दिसला नाही. तो थोडा वेळ थांबला. शेठ हळू म्हणून काकी त्यांच्यासोबतच वर गेल्या असतील, असं त्याला वाटलं. माझ्याबद्दल वाईट काही वाटण्याचं त्याला कारण नव्हतं. तो वर आला. एकटा.

त्याने गाडी लावली, आधी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि सरळ माझ्याकडे आला. जाकिटाच्या आतून ओली ओढणी काढली आणि पाठीआडून माझ्या हातात दिली. हळूच म्हणाला, "भाभीस्ले दी द्या काकी, जेठ देखाना पहिले." तो धडगावचा पावरा, त्याला मारवाड्याच्या घरातली जेठाची लाज काय? पण त्याने ती सांभाळली. मी ओढणी घेतली. पिळून जाकिटात कोंबली. आणि मग त्याने इकडेतिकडे बघून विचारलं, "शेठ कोठे शेतस?"

बापू तिथेच होते. सगळे तिथेच होते.

बापूंनी त्याला विचारलं, "काबरं, तुन्हा पुढे नव्हतात का?" तो म्हणाला, "मी शेठना मांगेच व्हतू. फाटावर कोणीच नव्हतं." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. आरोप म्हणून नाही हो — माझ्याकडून नीट उत्तर मिळेल म्हणून. "काकी, तुम्ही फाटावर व्हतात ना?"

इथे थांबते जरा.

मी म्हटलं, "व्हतू ना. तुन्हं पिवळं जाकीट दिसनं म्हनीसन मी निंघनू."

झालं. एवढंच माझं वाक्य. नीट वाचलंत तर कळेल, त्यात किती बसलं. पिवळं जाकीट मला दिसलं, म्हणजे सायसिंग फाट्यावर आला होता. शेठ यायच्या आधी आला होता. म्हणजे शेपूट पाहुण्याला ओलांडून पुढे गेलं होतं. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. मग त्याला वर पोहोचायला इतका उशीर का? ते मला सांगावंही लागलं नाही. कुणीतरी पाहुणा म्हणाला, बिडी ओढायला थांबला असेल. दुसरा म्हणाला, ही माणसं अशीच. बाकीचं खोटं लोकांनी आपण होऊन पुरं केलं. मी बुलेटवाली, बागाईतदाराच्या घरची, मालकाची वहिनी. तो जीपवाला. कुणाचं ऐकणार?

सायसिंगने ओढणीचं सांगितलं असतं तर? पण जेठ तीन हातांवर उभे होते. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ते मला दिसलं. माझ्या जाकिटात ती ओली ओढणी पोटाला चिकटली होती.

‘मागून येताहेत’ असं मी आल्याआल्या म्हटलं होतं, म्हणजे शेठ निदान वळले तरी असणार, या समजुतीने सगळे आधी घाटातलं एकेक वळण बघत खाली उतरले, कठड्यांवरून वाकून. त्यात पाऊण तास गेला. मग बापूंना दुसरी दरी सुचली. कंचनभाभी पावसात दीड तास पडल्या होत्या. शेठना खरचटलं होतं फक्त; त्यांना भाषा येत नव्हती, फोनला रेंज नव्हती, ते रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होते आणि गाड्या त्यांना उलट हात करून पुढे जात होत्या. शेवटी एक दूधवाला थांबला. भाभींचा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला होता. आत सळई घातली. आजही त्या एक पाय ओढत चालतात.

तुम्ही म्हणाल, घाबरून बोलली असेल, माणूस बोलून जातो. नाही. घाबरून बोललेलं वरच संपलं होतं. आता जे सांगणार आहे ते मी एक रात्र शांत झोपून, सकाळी उठून, केस विंचरून केलं.

ओढणी मी साबणाने धुतली, गरम नळीवर वाळवली, इस्त्री मागून घेतली, चौकोनी घडी केली. आणि सकाळी दवाखान्यात कंचनभाभींना बघायला गेले. पाय टांगलेला, औषधांनी डोळे जड. मला बघून त्यांना रडू आलं. मग म्हणाल्या, "बेन, सायसिंगने माझी ओढणी आणली का? मी त्याला खूण केली होती. तो थांबला होता."

मी पिशवीतून घडी काढली. म्हटलं, "कोणती ओढणी भाभी? ही? ही तर काल सकाळी तुम्ही हॉटेलातच विसरलात."

त्या ओढणीकडे बघत राहिल्या. कोरडी, इस्त्रीची. बोटं फिरवली तिच्यावरून. म्हणाल्या, पण वारा होता... मी हात केला... मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला — किती मायेने, तुम्ही बघायला हवं होतं — आणि म्हटलं, "औषधांनी होतं असं. भास झाला तुम्हाला."

"भास झाला असेल," त्या म्हणाल्या.

दुपारी बापू गेले त्यांच्याकडे. कारण सायसिंगने तोवर बापूंना एकट्याला गाठून ओढणीचं सांगितलं होतं: मी थांबलो होतो, भाभींना विचारा, त्यांनीच खूण केली. ओढणी काकींच्या हातात दिली, हे मात्र त्याने बापूंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी तेरा वर्षं याचा विचार करते आहे. मला वाटतं त्याने मला एक संधी दिली. बापूंनी भाभींना विचारलं. भाभी म्हणाल्या, ओढणी तर हॉटेलात होती.

बापूंना राग आला तो चुकीचा नव्हता. पाहुणीचा पाय मोडला आणि वर हा माणूस खोटं बोलतो. बापूंनी माझ्यासमोर त्याला विचारलं, खोटं कसाले बोलना? सायसिंगने माझ्याकडे बघितलं. मी कांदा चिरत होते. मी कांदा चिरतच राहिले.

आठवड्याने तो गेला. विमानतळावर सोडायला व्हॅनचा ड्रायव्हर गेला. पुढच्या वर्षी दुसरा गट निघाला, पुढची गाडी सुरतच्या एका मुलाला मिळाली. मी आणखी तीन वर्षं गेले. खांब मीच असायचे. कुणी म्हणायचं, वहिनी असल्या की काळजी नाही. मी नंतर कधी शेपूट दिसल्याशिवाय हलले नाही, हेही सांगून टाकते; त्याचा कुणाला उपयोग नाही. बापूंचं वय झालं, गाड्या विकल्या, आता ते तिकडेच बागकाम करतात.

इकडे गोष्ट पोहोचायची तशी पोहोचली. शेठाणीला डोंगरात टाकून आला तो, असं सायसिंगबद्दल शहाद्यापासून धडगावपर्यंत बोललं गेलं. काही वर्षं व्यापाऱ्यांनी त्याच्या जीपमध्ये माल घातला नाही. त्याच्या थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न त्यात मोडलं, असंही ऐकलं. खरं-खोटं मी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं. कंचनभाभी मला लग्नाकार्यात भेटतात, पाय ओढत येतात, गळ्यात पडतात, आणि चार बायकांना हसत सांगतात, "मला तर तेव्हा भास पण झाले होते, विचारा ह्या बेनला." मी मान डोलावते.

दोन वर्षांपूर्वी एकदा ठरवून निघाले. आमच्याकडे मोटार असताना शहाद्याच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले आणि सायसिंगची जीप येईपर्यंत दोन जीपा सोडल्या. केस पिकले होते त्याचे. मला बघून खाली उतरला. "काकी! या, पुढे बठा." पुढे बसलेल्या एका तलाठ्याला मागे पाठवलं, सीट फडक्याने पुसली. माझ्या मनात होतं, घाट लागला की सांगायचं.

घाट लागला. मागून तो तलाठी, बाहेरून नवीन बदलून आलेला, बोलघेवडा, म्हणाला, सायसिंगभाऊ, तुम्ही फॉरेनला होता म्हणे? मग परत का आलात? कुणी सोडतं का असली नोकरी? ज्यांना माहीत होतं ते खिडकीबाहेर बघायला लागले.

सायसिंगने गिअर बदलला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "माले तठली थंडी सोसनी नही."

सगळे हसले. सुटल्यासारखे. आणि मी — मी सगळ्यांत मोठ्याने हसले. धडगाव येईपर्यंत मी तलाठ्याला तिकडच्या थंडीच्या गमती सांगितल्या. उतरले. सायसिंगने हात देऊन उतरवलं. स्टँडवर चहा घेतला आणि दुसऱ्या कुणाच्या जीपने परत आले.

म्हणून आता कागदावर. बापू वाचतील, ह्यांना मीच वाचून दाखवीन. खापरला एक प्रत जाईल आणि धडगावच्या स्टँडवर एक. वाचून कुणी माझ्याकडे येऊ नये.

बापू, शेठ आले तेव्हा मी फाट्यावर नव्हते. जर्मन बायकांबरोबर वर आले होते. सायसिंग शेठच्या मागेच होता, आणि त्याने तुम्हाला सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

कंचनभाभी, तुम्हाला भास झाला नव्हता. ओढणी उडाली होती. त्याने ती तारेतून सोडवून आणली, मी धुऊन वाळवली.

आणि थंडी त्याला सोसत होती. पहाटे गाड्यांवर बर्फ साचायचं, आम्ही सगळे शेगडीजवळ असायचो, आणि तो बाहेर उघड्या हातांनी आठही गाड्यांच्या सीटा पुसायचा.